मातिउंची गोळी खरी की रिकामी?

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती डॉ. मोइरा डॅलग्लिश, आणि चीज रोलच्या टेबलाकडे डोळे लावून बसलेल्या माझ्या ड्युनेडिनकर बंधुभगिनींनो,

आमच्या मराएवर, म्हणजे आम्हा माओरींच्या सभेच्या अंगणात, भाषण पुरुष करतात आणि बायका त्याला गाण्याची जोड देतात. आज उलटं आहे. मी, हुइया, बोलणार आणि आमचे हे, मातिउ, गाणार. तेव्हा माझं भाषण लांबलं तर तुमचाच फायदा!

मूत्रपिंड रात्रंदिवस राबतं, म्हणून त्याच्या पेशींत मायटोकॉन्ड्रियाच्या चुली फार. आजारपणात त्या धुमसतात आणि तो धूर पेशीलाच खातो. बाहेरून वारा घालून काय होणार? मोइराबाईंनी थेट चुलीपाशी पोचणारी गोळी घडवली. उभं आयुष्य त्यात घातलं.

यांची मूत्रपिंडं डायलिसिसच्या उंबरठ्यावर होती. एकदा त्या यंत्राला बांधलं गेलं की दक्षिणेच्या बेटावर तीती पक्षी धरायला जाणं संपलं. तो तर आमच्या घराण्याचा पिढीजात हक्क! डॉक्टरांनी आधीच मनाई केली, आणि दोन हंगाम हे धक्क्यावरूनच बोटीला हात करत राहिले. मला बघवत नसे.

मग हे बाईंच्या चाचणीत शिरले. खरी गोळी कुणाला, बिनऔषधाची रिकामी कुणाला, हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. यांनी मात्र गावभर डांगोरा पिटला, "खरी मलाच! बघा कसा तरतरीत झालोय!" औषध आहे म्हटल्यावर पथ्य कशाला? एका तपासणीत लघवीत मीठच मीठ. बाई तडक आमच्या स्वयंपाकघरात.

"मातिउ, खारवलेल्या पक्ष्यांची पिशवी कुठंय?"

"कसली पिशवी, बाई?"

"ज्या पेटीवर बसलायस, तिच्यात काय आहे?"

त्या दिवसापासून पेटीला माझं कुलूप. हळूहळू आकडे सावरले. गेल्या महिन्यात चाचणी संपली, नावं उघड झाली, आणि यांची गोळी निघाली रिकामी! मी हसून हसून खाली बसले.

"मग मला वाचवलं कुणी?" हे हिरमुसून म्हणाले.

"हुइयाच्या कुलपानं," बाई म्हणाल्या.

"आणि तुमची खरी गोळी?"

"ज्यांना मिळाली त्यांच्यात आशा दिसतेय. पुरावा अजून हवा."

निरोपाच्या तोंडावरही बाई शब्द तोलूनच देतात! असं खरं बोलणारं माणूस भेटलं, हे आमचं भाग्य.

मंडळी, शनिवारी बोट सुटतेय. डॉक्टरांनी परवानगी दिलीय. यंदा धक्क्यावरून हात मी करणार!

बाई, पेटीतली ती पिशवी आज तुमची. यांना वास घेण्यापुरतीच मुभा आहे.

आपण सर्वांनी प्रेमानं ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आता गाणं. आमच्यात गाणाऱ्याच्या पाठीशी घरचीच माणसं उभी राहतात. मोइराबाई, ती मानाची खुर्ची सोडा. या, इकडे आमच्यात उभ्या राहा.