मंगळवारचं विमान

(पिंपळे गुरव, १९८१. दुर्गाबाईंच्या घरी त्यांचा वैमानिक मुलगा गुरुदत्त वर्षाने आलेला. दारात टॅक्सी थांबलेली.)

दुर्गाबाई : आन् तुझं साहेब लोक रागवत न्हाईत व्हय रं, इमान एवढं खाली घेतोस ते?

गुरुदत्त : कुठे खाली घेतो?

दुर्गाबाई : आईपुढं साळसूदपणा नगं. दर मंगळवारी लोहगावावरनं उडालास की आपल्या गच्चीवरनं जातोस. आदी कसं, बाणावानी वर जायचास, बघस्तवर दिसंनासा व्हायचास. दिवाळीपास्नं बघतीया, सावकाश चढतोस, फळीवरची भांडी वाजत्यात. घर वळखू यावं म्हणून तर मी कठड्यावर लाल लुगडं पसरती.

गुरुदत्त : लाल लुगडं?

दुर्गाबाई : इरकलीचं, लग्नातलं. शेजारची नूरबी बी येती. दोघी हात हलवतो. सगळ्या आळीला म्हाईत हाय, दत्ता आईसाठी इमान वाकवतो म्हणून.

गुरुदत्त : आई... चहा दे ना अजून.

दुर्गाबाई : चहा मिळंल. आदी बोल. तुझ्या बापाचं तोंड बी असंच व्हायचं, कायतरी लपवताना.

गुरुदत्त : अगं, विमान खालून जातं ते कुणासाठी नाही. मुंबईची फेरी जवळची. तेल कमी, माणसं कमी, धावपट्टी भरपूर लांब. मग उडताना इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा नाही, अशी आता पद्धतच झालीय.

दुर्गाबाई : काटकसर?

गुरुदत्त : तसंच म्हण. बाहेर आहे त्याहून जास्त ऊन आहे असं धरायचं. उन्हात इंजिनं कमी जोर देतात, तेवढाच घ्यायचा. इंजिन कमी तापतं, जास्त वर्षं टिकतं. चढताना विमान जरा खालून जातं, एवढंच.

दुर्गाबाई : म्हंजी थंडीत बसून उन्हाळा धरायचा! आन् मधीच कायतर बिघडलं मग?

गुरुदत्त : एक इंजिन बंद पडलं तरी चढेल, हे आधी बघूनच ठरवतात. शिवाय लागलाच तर सगळा जोर हाताशी असतो. दांडा पुढे सारला की झालं.

दुर्गाबाई : घरी यायला कधी सारतोस रं तो दांडा? वरीस झालं.

गुरुदत्त : आई, अजून एक सांगायचंय. दिवाळीपासून ती फेरी माझ्याकडे नाहीच. मी मद्रासच्या मार्गावर असतो.

दुर्गाबाई : मग मंगळवारी कोन असतं वर?

गुरुदत्त : पिल्लै म्हणून एक जण आहे. बहुतेक तोच.

दुर्गाबाई : कळवायला काय झालं हुतं?

गुरुदत्त : राहून गेलं.

दुर्गाबाई : राहून गेलं! आन् मी हितं परक्याच्या पोराला लग्नातलं लुगडं दावत बसली.

नूरबी : दुर्गाक्का, आला का कॅप्टन? अरे बेटा, किती वाळलास! मंगळवारी दिसलो का रे आम्ही? माझी हिरवी ओढणी?

गुरुदत्त : दिसली की, नूरबी चाची. अगदी स्पष्ट.

दुर्गाबाई : गप बस. मला तुझी कीव नगं. नूरबी, ह्यो वर न्हवताच. दुसराच कुनी असतो. आन् इमान खालनं जातं ते इंजिन वाचवाया. आपल्यासाठी न्हाई.

नूरबी : या अल्ला! आणि मी साऱ्या आळीत सांगत सुटले.

दुर्गाबाई : सांगायला सुरुवात मी केली, आता खोडायची बी मीच. जा रं दत्ता, टॅक्सीवाला भोंगा वाजवतोय.

गुरुदत्त : आजच्या दिवस थांबतो मी, आई. त्याला जायला सांगतो.

दुर्गाबाई : थांबायचंच हुतं तर टॅक्सी दारात उभी केली नसतीस. माझ्या सुनंला, नीलिमाला, शेंगदाण्याची चटणी दिलीया, पिशवीत बघ. जा, सावकाश जा.

गुरुदत्त : येतो, आई. चाची, येतो.

नूरबी : ये बेटा, संभाळून... गेला गं. आक्का, एक विचारू? मंगळवारी आता गच्चीवर नाही ना यायचं?

दुर्गाबाई : यायचं की. लुगड्याला ऊन दावायचंच हाय. आन् त्या पिल्लैचं तरी हितं कोन हाय?