हौदात सोडलेला कंदील

आमी वडवणीच्या बाजूचे, मेंढरं राखणारे, सहा म्हैने रानात अन् सहा म्हैने घरी, अन् त्याच घरातला मी बी.ए. झालो, फर्स्ट क्लास न्हाई पण एकदाबी नापास न्हाई, हे आधी लिहून घ्या. नोकरी लागली न्हाई, मग एका ठेकेदाराच्या हाताखाली गळके स्लॅब अन् हौद बंद करायचं काम शिकलो. आता माजलगावपस्तोर लोक बोलवतेत. भारत, तू हात लावला की थेंब येत न्हाई, म्हणतेत. फुशारकी न्हाई, खरंय म्हणून सांगतो.

पण काय सांगू तुमाला, आजबी हौदात उतरायच्या आधी तोंडाशी कोण बसलंय ते बगतो.

झालं असं, आमच्याच अंगणातला हौद झिरपत व्हता. काँक्रीटचा, पुरुषभर खोल, वर एक माणूस कसाबसा जाईल येवढंच तोंड. नळाला आठ दिसांनी पाणी येतं, ते चार दिसांत निम्मं गायब. म्हणलं जगाचे हौद बंद करतो अन् आपलाच गळतोय. पाणी यायच्या आत वाळावं म्हणून केमिकलात थिनर जरा जास्तच वतलं अन् उतरलो. डब्यावर इंग्रजीत लिहिलेलं वाचलं व्हतं, जाळाजवळ नेऊ नका. बायकोला, सुमनला सांगितलं, हितं काडी पेटवायची न्हाई अन् हितून हलायचं न्हाई. आबाला मात्र सांगितलं न्हाई. कावून, तर आबा दहा गोष्टी इचारणार अन् मी म्हणणार तुमाला काय कळतंय. असा बोलायचो मी बापाला. डब्यावर खाली हेबी लिहिलं व्हतं, बंद जागेत वापरू नका. ते वाचलं न्हाई असं न्हाई. वाचून सोडलं.

दोन भिंती झाल्या अन् डोकं गरगरायला लागलं. वाटलं उपाशी हाय म्हणून. मग ब्रश हातातून पडला तर उचलावा कसा तेच उमजंना, शिडी समोर दिसती पण पाय तिकडं जाईनात. अन् त्याच टायमाला सुमन शेरडं सुटली म्हणून त्यांच्यामागं गेलती.

वरून आबा वाकला. भारत्या, म्हणला, भारत्या रं. मला ऐकू येत व्हतं, ओ देता येत न्हवतं, जीभ जड झालती. आता आबानं जवानीत पेवांवर काम केलेलं, पेव म्हंजी जमिनीच्या पोटातलं धान्याचं कोठार, म्हैनोम्हैने बंद, आतली हवा मेलेली. उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून सोडायचे, इझला की उतरायचं न्हाई. आबाच्या डोळ्यादेखत एक गडी तसाच उतरला, तो वर आलाच न्हाई. म्हणून मला काढायला उतरायच्या आधी आबा घरात गेला अन् कंदील पेटवून आला.

मी वर बगतो तर दोरीला कंदील. खाली येतोय. आबा लई जपून सोडतोय, काच भिताडाला लागू न्हाई म्हणून. भिंती ओल्या, माझे हात, माझे केस थिनरनं भरलेले. सगळं कळत व्हतं मला. भडका होणार, अन् वर वाकलेला आबाबी त्यात जाणार. बोंबललो असं वाटलं, तोंडातून नुसती हवा निघाली.

मामा! सुमनचा आवाज आला, सासऱ्याला ती मामा म्हणती. मामा, वर घ्या, जाळ लागंल! आबा म्हणला, अगं हवा बगतोय. ती दोरीच्या नादाला लागलीच न्हाई, पोटावर पडली, आत हात घालून तापलेली काचच धरली अन् कंदील दोरीसकट लांब उकिरड्यावर फेकला. तिथं तो भडकला. मग शेजारी धावले, दोरी सोडली, काखेत कशी अडकवली आठवत न्हाई, वर आलो अन् भडाभडा वकलो.

दुसऱ्या दिशी आबा म्हणला, हवा खराब हाय हे मला ठावं व्हतं का न्हाई? म्हणलं, व्हतं आबा. अन् ती पेटती हे तुला? म्हणलं, व्हतं. मग बोलला कावून न्हाईस बे? सुमनची दोन बोटं अजून पुरी मिटत न्हाईत.

काम सोडलं न्हाई. थिनरचा माल हौदात नेत न्हाई, पंख्यानं हवा सोडल्याबिगर उतरत न्हाई, तोंडाशी माणूस असल्याबिगर तर न्हाईच. तो माणूस आबा. मोटारसायकलवर मागं बसून येतो, कडंला बसतो, जरा येळ गेला की हाक मारतो, भारत्या, अन् मी ओ द्यायचा. घरमालक म्हणतेत, म्हातारं पोराला राखतंय. म्हणू द्या. परवा माजलगावात कोपऱ्यात ब्रश फिरवत व्हतो, ओ द्यायला उशीर झाला, वर बगतो तर दोन वाळके पाय आत लोंबतेत, धोतर खोचलेलं. आबा, हाय मी, हाय! म्हणला, मग मोठ्यानं बोल की, म्या उतरलो असतो.

उतरलाच असता, तुमाला सांगतो. आता मी त्याच्या हाकेची वाट बगत न्हाई. हात चालू असतो अन् आपलं सारखं म्हणत राहतो, हाय आबा, हाय.