अण्णांनी स्वतःलाच लावलेला कायदा

मंडळी, वहिनी, मल्लिनाथ. नवी पेठेतली दुकानं बंद ठेवून अण्णांना निरोप द्यायला तुमी एवढी माणसं आलात. मला बोलायला उभं केलंत. मी नारायण शिंपी. सिद्रामअण्णांच्या कापडदुकानाच्या कट्ट्यावर माझी मशीन असायची. आमी दोघं रोज भांडायचो. आता भांडायला कोण हाय?

भांडण एकच. अण्णा म्हणायचे, "जो जास्त कर भरतो त्याला जास्त मतं पायजेत. मी एवढा कर भरतो, तरी माझं एक मत, आन् तुझंबी एकच. हा कुटला न्याय?" मी म्हणायचो, "अण्णा, काड्यापेटी घेतली तरी मी कर भरतोच की." ते हसायचे. "बरं, तुला काड्यापेटीपुरतं पाव मत देऊ." मग चहा मागवायचे. चहा मात्र दोघांना सारखाच.

पुढं दुकान बसलं. आणीबाणी सैल होऊन निवडणूक लागली, तवा मी त्यांना बोलवायला घरी गेलो. "चला अण्णा, मत देऊन येऊ." ते जोत्यावर बसून म्हणाले, "आता मी कर भरत न्हाय, नाऱ्या. मला मत न्हाय. तू जाऊन ये." मला वाटलं, थट्टा करतायत. थट्टा न्हवती. मी हात धरून ओढलं, वहिनी रडल्या. माणूस जागचा हलला न्हाय. मी एकटाच जाऊन आलो.

मग घरातबी तेच. नातीला, मल्लिनाथच्या पोरीला, स्थळ आलं, तर म्हणाले, "मल्लू मिळवतो, मल्लू ठरवील." भाजी कुटली करू विचारलं, तरी तेच. आन् मग पोटाचं दुखणं आलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करता येईल, पण या वयात धोका हाय, त्यांची मर्जी विचारा. मल्लिनाथ पायाशी बसून विचारायचा, "आप्पा, करायचं का?" अण्णा म्हणायचे, "पैसा तुझा. तू ठरव." बापाच्या जिवावर पोराला एकट्यानं हो म्हणवंना. न्हाय तरी कसं म्हणावं? तो थांबला, अण्णाबी थांबले, आन् त्यातच दिवस गेले.

मल्लिनाथ, मान वर कर. तुझ्या जागी मीबी तेच केलं असतं. शेवटी मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हणालो, "अण्णा, जीव तुमचा हाय की पैसे भरणाऱ्याचा?" त्यांनी माझा हात दाबला. तरी ठरवणं मल्लूवरच ठेवलं. मला लई वाईट वाटतं, मंडळी. एवढी वर्षं भांडलो, आन् कामाच्या वेळी माझं भांडण उपयोगी पडलं न्हाय.

आता सगळे उभं राहू या. दुकानदार, हमाल, वहिनी तुमीबी. जरा वेळ कुणी बोलू नका. हितं कुणाचं गप्प राहणं जास्त न्हाय, कुणाचं कमी न्हाय. अण्णा, पटत नसंल तर उठा, भांडा माझ्याशी.

तुमच्याच रीतीनं शेवटचा नमस्कार. शरणार्थी, अण्णा.