आमच्या फियाटची सर्वसाधारण सभा

...आणि वर लोक मलाच विचारतात, "एवढ्याशा गोष्टीला सभा कशाला बोलवायची रे चंदू?" आता तुम्हीच सांगा, साधा प्रश्न होता हो! गाडी दुरुस्त करायची, की भंगारात घालायची?

ठोकली मीच. कबूल! पण कशी ठोकली तेही ऐका. पाच वर्षं अमेरिकेत शिकलो, तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात. परत आलो, नावड्याच्या आमच्या कॉलनीतून बाबांची फियाट बाहेर काढली, आणि रस्ता बघतो तर काय... सन पंच्याण्णव, नवीकोरी नवी मुंबई, एवढा रुंद, एवढा गुळगुळीत, आणि त्यावर चिटपाखरू नाही! अहो, चूक दाखवायला तरी समोरून कुणी यायला नको? चार किलोमीटर मी उजव्या बाजूने, देशाच्या भवितव्याचा विचार करत, मजेत! पाचव्या किलोमीटरला एक टेम्पो आला. तो हॉर्नवर हॉर्न मारतोय आणि मला वाटतंय, काय माणसं आहेत, ओळख ना पाळख आणि स्वागत करतायत! शेवटी स्टिअरिंग फिरवलं, ते थेट रस्त्याकडेला पडलेल्या सिमेंटच्या पाइपावर. मला खरचटलंसुद्धा नाही. फियाटचं नाक मात्र वळून डाव्या दाराशी गप्पा मारायला लागलं.

बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं हो! आमचे बाबा, किसनराव, कंपनीतून रिटायर झालेले फिटर, विहाराच्या मंडळाचे सेक्रेटरी, भर सभेत टेबल वाजवणारा माणूस... तीन दिवस गाडीकडे पाठ करून बसले. चहासुद्धा भिंतीकडे तोंड करून! चौथ्या दिवशी म्हणाले, "भंगारवाल्याला बोलाव."

मी धावत जाऊन गाडीपुढे आडवा उभा राहिलो. म्हटलं, "बाबा, असं एकट्याने ठरवायचं नाही. या गाडीत जो जो बसलाय, त्या प्रत्येकाचं मत घ्यायचं. हीच खरी लोकशाही!"

"अरे, गाडी माझी, ठोकलीस तू, आणि ठरवायचं कॉलनीनं?"

"हो!" म्हटलं. शिकून आलो होतो ना!

मला वाटलं, दहाएक माणसं येतील. आली सत्तर! कारण कॉलनीत आणि शेजारच्या गावात मिळून वर्षानुवर्षं गाडी एकच, आमची. तिच्यात बसलं नाही कोण? आणि साधा प्रश्न होता हो! दुरुस्त करायची, की भंगारात?

पण आमच्याकडे सभा म्हणजे सभा. मी आपला गाडीशेजारी उभा राहून सुरुवात करणार, तेवढ्यात भिंतीकडे बघत बसलेले बाबा ताडकन उठले, "अध्यक्षांशिवाय सभा? काही शिस्त?" खुर्ची मांडली, गावातल्या गोजरा आजींना अध्यक्ष केलं, गळ्यात हार घातला. आजींनी तो काढला आणि मोठ्या मायेनं फियाटच्या चेपलेल्या नाकावर ठेवला.

तिथेच घोळ झाला! हार घातलेली गाडी समोर, रांगेत बसलेली माणसं... आपोआप सगळ्यांचे आवाज उतरले. जाहिदा चाची उभ्या राहिल्या, पदर डोळ्यांना, "काय गाडी होती! आमची सबिहा हिच्यातच पैदा झाली, कळंबोलीच्या नाक्यावर. किसनभाऊनी मागं वळून बघितलं नाय, पन गाडी पन थांबवली नाय." गोजरा आजी म्हणाल्या, "माज्या चारी पोरी हिच्यातूनच सासरी गेल्या. गुनाची व्हती रं बिचारी!" मागून कुणीतरी म्हणालं, दोन मिनिटं शांतता पाळू या... आणि पाळली हो! सत्तर माणसं, माना खाली, फियाटसाठी! मीसुद्धा! आणि प्रश्न काय होता? दुरुस्त करायची, की भंगारात!

एवढ्यात पनवेलचे गॅरेजवाले खलीलभाई स्कूटरवरून आले. हळूच विचारतात, "कोन गेलं?"

म्हटलं, "फियाट."

"या अल्ला! येडे झाले काय रे समदे? मेलीय कुठं?" हार बाजूला, पहारीनं बॉनेट वर, दोन ठोके, एक वायर इकडची तिकडे, "किसनभाऊ, चावी मारा!"

आता चावी कुठे शोधायची? तर बाबांनी शर्टाच्या खिशातून काढली. चार दिवस, तुम्हाला सांगतो, चार दिवस ती तिथेच होती, छातीशी! बसले. खर्र... खर्र... खर्र... आणि झाली हो चालू! वर हॉर्न अडकला तो अडकलाच, पाँऽऽऽ! गोजरा आजी ओरडल्या, "उठली गं बाय!" माणसं नाचायला लागली, आणि बाबा आत बसून हसतायत, चष्मा काढून पुसतायत, पुन्हा हसतायत...

दुरुस्तीचा ठराव मंजूर! मी जिंकलो! वहीत लिहूनही टाकलं. तेवढ्यात जाहिदा चाची म्हणाल्या, "अजून एक ठराव. चंदू गाडी चालवनार नाय."

एकोणसत्तर हात वर! बाबांनी सेक्रेटरीच्या आवाजात विचारलं, "विरोधात कोण?" मी हात वर केला. बाबा म्हणाले, "तुझं मत नोंदवलं. ठराव मंजूर."

आता दर रविवारी मी स्टॉपवर उभा असतो. समोरून फियाट येते, आत आठ माणसं, कुणाचा साखरपुडा, कुणाचा दवाखाना. बाबा गाडी हळू करतात, "चंदू, जागा नाही रे!" मी म्हणतो, "जा बाबा, जा, माझी बस आलीच!"

येते कुठली हो... आमच्या मार्गावर रविवारी बसच नसते.