किराईताचा काढा

मुलगी : ...आणि अख्खी मोळी एकटीनं आणली, मावशी, एकटीनं! एका खांद्यावर शाळेचं दप्तर, दुसऱ्यावर किराईत. वाटेत शेजारचे काका म्हणाले, ही बघा धाकटी औषधवाली चालली!

मावशी : ऐकलं गं बाई. काल ऐकलं, परवा ऐकलं. आता चुलीलाही पाठ झालं असेल. ती फुंकणी दे इकडे.

मुलगी : शाबासकी मात्र एकदाच दिलीस.

मावशी : तुझ्या आईचा ताप उतरू दे, मग मिरवणूक काढते तुझी. पाणी किती आटलं बघ.

मुलगी : निम्म्याच्या खाली गेलं. आई, काढा येतोय! नाक धरून तयार राहा!

आई : (आतल्या खोलीतून) नाक कशाला धरू... येऊ दे.

मुलगी : बघ, आई किती शहाणी झालीय! मावशी, आज मी चाखू?

मावशी : अजिबात नाही. चाखायचं काम माझं. थेंब जिभेवर पडला की कडूपणानं कानामागे झिणझिण्या यायला हव्यात. तेव्हा भांडं उतरवायचं, त्याच्या आधी नाही आणि नंतरही नाही. ते तुला कसं कळणार?

मुलगी : चाखल्याशिवाय कसं कळेल? विज्ञानात पहिली आणि काढ्यात ढ? पुढे मलाच करायचंय ना हे सगळं? एकच थेंब!

मावशी : कार्टे, पळी खाली ठेव! ऐकायचं म्हणून नाही. घे, आता भोग. थुंकायचं असेल तर बाहेर जा.

मुलगी : मावशी.

मावशी : काय?

मुलगी : हा कडू नाहीये.

मावशी : नीट चाख.

मुलगी : चाखला. परत चाखला. भिजलेल्या गवतासारखा लागतोय. अगं, माझ्या कानामागे काहीसुद्धा होत नाहीये. तू चाखून बघ ना.

मावशी : ठेव ती पळी. भांडं उतरव.

मुलगी : तू अशी का बघतेस? चाख ना!

मावशी : चाखून उपयोग नाही. हळू बोल, आत ऐकू जाईल.

मुलगी : उपयोग नाही म्हणजे?

मावशी : मला स्वतःला ताप आला होता ना मागे, त्यात जीभ गेली माझी. मीठ कळत नाही, मिरची कळत नाही. वाटलं, येईल परत हळूहळू.

मुलगी : पण तू रोज चाखतेस! रोज तोंड वाकडं करतेस! काल तर डोळ्यांत पाणी आलं होतं तुझ्या!

मावशी : धुराचं होतं ते. आणि तोंड... जन्मभर हाच काढा चाखला, पळी जवळ आली की आपोआप वाकडं होतं. लोक माझं तोंड बघूनच काढा पितात. मी म्हटलं, भांड्यात किराईत आहे म्हणजे कडूच असणार. तोडताना पान चावलं होतंस ना?

मुलगी : खोड बघितलं. पानं बघितली.

मावशी : चावलंस का, विचारतेय मी. मुळाला हात लावायच्या आधी पान चावायचं, हे पहिलं शिकवलं होतं तुला.

मुलगी : मला कडू सहन होत नाही. आणि मला वाटलं, तू भांड्यात चाखणारच आहेस की! तू चाखल्याशिवाय कुणाला देतच नाहीस!

मावशी : कुठून आणलंस?

मुलगी : आपल्या उतारावर काहीच उरलं नाहीये, मावशी. खाणवाल्यांनी सगळा खरवडून नेला, नुसता लाल खड्डा पडलाय. मग खाली नाल्याकाठी दिसलं. तसंच होतं! खोड चौकोनी, पानं टोकदार. मी इतकी नाचले तिथे!

मावशी : आण ती मोळी. उजेडात धर. पान उलटं कर... लव आहे याला. बघ, पाठीला बारीक लव.

मुलगी : किराईताला नसते?

मावशी : नसते.

मुलगी : म्हणजे इतके दिवस आई... गवताचं पाणी? डॉक्टर म्हणाले होते, हिला आजच्या आज शहरात न्या. तूच म्हणालीस, थांबा, मी उठवते!

मावशी : म्हणाले मी. गावातली एवढी माणसं उठवली, ही तर माझ्या पाठची. मला वाटलं, हिला काय होतंय.

आई : अगं, भांडताय काय दोघी? आत या.

मुलगी : आई, तुला कळलं नाही? काढा कडू नव्हता!

आई : पहिल्याच घोटाला कळलं.

मुलगी : मग बोलली का नाहीस?

आई : तू वाटी धरून अशी उभी होतीस... जसं काही बक्षीस मिळालंय. आणि मला वाटलं, म्हातारपणी ताईला माझी दया आली. साखर घातली असेल.

मावशी : चोरटी! लहानपणी माझा काढा खिडकीतून ओतून द्यायचीस. या वेळी मुकाट्यानं वाट्याच्या वाट्या संपवल्यास, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

आई : चांगला होता की. आयुष्यात पहिल्यांदा तुझं औषध आवडलं.

मुलगी : हसू नका! कुणी हसू नका! मी गाडी आणते. खाणीवर ट्रक असतात, ड्रायव्हरच्या पाया पडते. शहरात नेऊ, आत्ता नेऊ. आई, झोपायचं नाही हं! ऐकतेस ना?

आई : ऐकतेय.

मावशी : चपला घाल! अगं, चपला तरी...

आई : गेली?

मावशी : गेली. तशीच, अनवाणी.

आई : आज खाण बंद असते ना, ताई?

मावशी : असते.

आई : मग अडवलं का नाहीस?

मावशी : मोठ्या रस्त्यावर एखादी गाडी भेटली तर भेटली. इथे काय करणार होती? तुझ्याकडे बघत बसली असती.

आई : बरं केलंस. पांघरूण ओढ जरा.

मावशी : पाय केवढे गार पडलेत गं तुझे.

आई : कपाळ बघ.

मावशी : कपाळही.

आई : मग ती आली की आधी तेवढंच सांग तिला. ताप उतरला म्हणून.