मोतीबाईचा वारा

नाय नाय, पहिलं मला सांगा, वाऱ्याचं कधी कुणी गणित करतं का? पापडाचं करतात, पंगतीला भात किती लागंल त्याचं करतात, वाऱ्याचं? पण आमचा जयवंता करत होता! जयवंता म्हंजे माझ्या सख्ख्या बहिणीचा, सुंदराचा मुलगा, चोवीस वर्षांचा घोडा, विमानखात्यात बिनतारी यंत्र टकटकवायला होता. सदुसष्ट सालच्या मार्गशीर्षात पंधरा दिवसांची रजा काढली, नि खालापुरातलं स्वतःचं घर सोडून हा आमच्याकडं भिवपुरीला आला, ट्रंक भरून पुस्तकं घेऊन.

"मावशी, परीक्षा हाय. नेव्हिगेटरची."

"ते काय असतं रं?"

"विमान चालवणाऱ्याच्या मागं बसायचं, आणि विमान कुठं हाय ते त्याला सांगायचं."

"म्हंजे चालवणाऱ्याला माहीत नसतं?"

तुमाला सांगते, त्या दिवसापासनं डोक्यावरनं विमान गेलं की मी आपली घरात जाते.

आता घर सोडून का आला? तर घरी बाप! चांगो, माझा मेहुणा, भाताच्या गिरणीचा मालक. पोरगा दोनदा नापास झालेला, तिसरी खेप शेवटची. बापानं सांगून ठेवलेलं, (चांगो बोलतो कसा, पोटातनं, गिरणीच्या पट्ट्यासारखा) "आवंदा नापास झालास... तर नोकरी सोड... नि भुशात उभा ऱ्हा!" आणि पोराचं काय, भुशाचा कण नाकात गेला की छाती शिट्टी वाजवती! लहानपणापासनं. गिरणीत घातला असता तर सहा महिने टिकला नसता. म्हंजे बघा, हा आभाळात जायला नव्हता धडपडत, भुशातनं सुटायला धडपडत होता.

आणि अडलं कुठं? वाऱ्यापाशी! विमानाचं नाक सरळ उत्तरेला, तासाला एकशेवीस मैल. तासाभरानं खाली बघतात तर विमान ठरल्या जागी नाय, तिथनं पन्नास मैल पूर्वेला! तर वारा कुठला नि किती? मी बोलले, अरं, खिडकी उघडून बघ की! तर मान हलवली, नि कागदावर बाण काढायला बसला. त्याला बोलतात व्हेक्टर. किती नि कुठं, दोन्ही सांगणारा बाण. हा बाण त्याला लाव, तो ह्याला लाव, खोड, फाड... तेरा कागद! चूल पेटवायला माझी सोय झाली, ते सोडा. पण पोराचं तोंड एवढंसं झालेलं.

मी मराठी दुसरी नापास, मला काय कळतंय! पण बघवंना. उठवला त्याला, खळ्यावर नेला, मधल्या मेढीच्या खांबाला दोन दावी बांधली. दहा मैलाला एक हात. एक दावं नेलं सरळ उत्तरेला बारा हात, शेवटाला दगड. हे विमानाचं नाक. दुसरं दावं नेलं, विमान खरं पोचलं तिथं, तिथं दुसरा दगड. बोलले, "आता पहिल्या दगडापासनं दुसऱ्यापतुर चाल." चालला पाच हात. "हा तुझा वारा! पन्नास मैल!"

पोरगा आपल्याच पायांकडं बघत उभा.

"मावशी, हे तुला कुणी शिकवलं?"

"पेज नदीनं. म्हशीचं तोंड समोरच्या उंबराकडं करून पाण्यात घातली, नि ती निघाली खाली धोब्याच्या दगडाशी, तर उंबर ते दगड हे काम पाण्याचं. म्हशीला शिव्या देऊन काय उपेग?"

मंग रोजचंच झालं. तोंडाला फडकं बांधून बसायचा, दरोडेखोरासारखा. पाणी प्यायला आत गेला की मी हळूच दुसरा दगड हलवून ठेवायची. परत आला की मोजायचा, "अरे! मघाशी पाच हात होते, आता सात?" मी बोलायची, "वारा बदलला असंल बाबा, मी मराठी दुसरी नापास, मला काय कळतंय!" नऊ दिवसांत साठ वारे काढले पोरानं. दहाव्या दिवशी त्याला माझ्या पदरात दगड सापडला. तो काढून घेतला, नि परत मोजायला बसला.

आता वाऱ्याला नाव नको? ते मीच शिकवलं. आमच्या खळ्यावर रीत अशी, भात उफणताना भुसा ज्याच्या अंगणात पडंल, वारा त्याच्या नावाचा. का? तर आज भांडण कुणाशी, ते पहिलं कळावं लागतं ना! पश्चिमेला गजा, पूर्वेला मोतीबाई. भुसा पूर्वेला गेला की मोतीबाईचा वारा, लगेच कुंपणावरनं, (बारीक आवाज हाय तिचा, सुई टोचल्यावानी) "धोंडेऽऽ! माझ्या वालाच्या शेंगांवर भुसा टाकतीस गं?" अशी सगळी नावं पोरानं पाठ केली, नि गेला परीक्षेला.

महिन्यानं पेपर तपासणाऱ्या साहेबानं त्याला समोर बोलावला. साहेब बोलतो, "दहाच्या दहा त्रिकोण बरोबर. वेग बरोबर. दिशा दहाच्या दहा उलट्या. इतकं नेमकं चुकायला अभ्यास लागतो." आणि बोलतो, "वारा पश्चिमेकडनं आलाय, तू पूर्वेचा का लिहिलास?"

आमचा हा बोलतो, "साहेब, पूर्वेला मोतीबाई राहती."

"कोण मोतीबाई?"

सांगितलं की सगळं! खळं, भुसा, शेंगा, काय बाकी ठेवलं नाय. साहेब बोलतो, "अरे, वारा कुठनं येतो ते विचारतात. कुठं जातो ते नव्हे!"

आता तुमीच सांगा, येतो तिकडनं भांडायला कोण येतं? पण पोरगं घाबरलेलं, डोळ्यांपुढं गिरणी. खिडकीबाहेर खांबाला कापडी पिशवी असती ना, वारा दाखवायची, तिच्याकडं बोट केलं, "साहेब, ती पिशवीबी शेपूट मोतीबाईच्याच बाजूला करती." साहेबानं पिशवीकडं बघितलं. पेपराकडं बघितलं. आणि पेपर धरून खालचा वर केला. दहाच्या दहा बाण सरळ!

पास! सुटला पोरगा. साहेबानं पेपरावर शेराबी लिहिला, आणि निकालासंगं घरी आलेला तो शेरा चांगोनं खालापुरात चव्हाट्यावर वाचून घेतला. काय लिहिलेलं? 'वाऱ्याचा अभ्यास मोतीबाई यांच्याकडे उत्तम झाला आहे.'

दुसऱ्या दिवशी चांगो टेंपोनं भिवपुरीत. हातात नारळ, पेढे नि हिरवं लुगडं. माझ्या दारावरनं सरळ पुढं, मोतीबाईच्या घरी! मी काय बोलणार? सरकारी शेरा! मोतीबाई तरी, "अवो, मी नाय हो" बोलंल का नाय? छे! लुगडं घेतलं, तवाच नेसली, अंगणात येऊन उभी ऱ्हायली. मी खळ्यावर सूप घेऊन उभी, वारा सुटलेला. माझ्याकडं बघितलं, नि पदर सारखा करत बोलती कशी,

"धोंडे, जरा बेतानं उफण गं. नवं हाय."