सोडलेलं घर

धरणेंद्र : दार नको लावूस, चंदनबाला. क्षमा मागायला आलोय.

चंदनबाला : घर चुकलं तुमचं, अण्णा. दरसाली पर्युषण सरलं की क्षमावाणीला हात जोडत अख्खी गल्ली फिरता. आमचं तेवढं दार सोडून.

धरणेंद्र : आज हितनंच सुरुवात केलीया.

चंदनबाला : मंदिराचे अध्यक्ष तुमी. लोक बघत्यात.

धरणेंद्र : बघू देत. दुपारी सभेत सांगणारच हाय, तुझ्या ब्राह्मीचा बाप मी म्हणून. तेच तुला इचारायला आलो.

चंदनबाला : आज कसं सुचलं हे?

धरणेंद्र : चोवीस वर्सांमागं भरल्या सभेत तुला पोरीच्या बापाचं नाव इचारलं. तू तोंड उघडलं न्हाईस. या घरानं अभिषेकाच्या कलशाला शिवायचं न्हाई, हा ठराव मीच वाचला. तवापासनं कलश हातात घेतला की तोच ठराव आठवतो. यंदा सोसवंना.

चंदनबाला : वैनीस्नी सांगितलंसा?

धरणेंद्र : आधी तिलाच. परवा सांगितलं. सकाळी म्हणाली, जावा.

चंदनबाला : माझं काय न्हाई, अण्णा. पण पोरीला मी एक अक्षर सांगितलेलं न्हाई. तिला काय वाटंल, ह्याचंच भ्या वाटतंय.

ब्राह्मी : (आतून येत) मला माहीत आहे, आई.

चंदनबाला : कुणी सांगितलं?

ब्राह्मी : यांनीच.

धरणेंद्र : मी कवा सांगितलं?

ब्राह्मी : दहावीत होते. खिडकीतून बघत होते. बांधावरून ज्यांच्याशी कोर्टात भांडताय, त्यांच्याही दारात तुम्ही हात जोडलेत. आमच्या दाराशी आलात आणि मान खाली घालून पुढं गेलात. तेव्हाच कळलं.

धरणेंद्र : मग नऊ वर्सं गप का ऱ्हायलीस?

ब्राह्मी : क्षमा तुम्ही मागायची होती. मी कशाला बोलू? राग होता. अजूनही आहे थोडा.

धरणेंद्र : ऱ्हाऊ दे राग. तरीबी लय हलकं वाटतंय बघ.

चंदनबाला : मलाबी. एवढी वर्सं कुणापासनं लपवत हुते मी, कुणास ठाऊक.

धरणेंद्र : मग सभेत बोलू न्हवं?

चंदनबाला : बोला.

धरणेंद्र : येतो तर. बाकीची घरं ऱ्हायल्यात.

ब्राह्मी : थांबा, चप्पल घालते. मीही येते.

धरणेंद्र : दारोदार इचारतील गं, ही संगं कशी म्हणून.

ब्राह्मी : विचारू देत. उत्तर तुम्ही द्यायचं.

धरणेंद्र : देतो. चल.

चंदनबाला : ब्राह्मी, दार नुसतं लोटून जा. मी जरा पडते.